पूर्ण नावानिशी

"पुस्तक कपाटातनं काढा, प्रतिभाताई. नायतर मी काढतो," म्हणत कार्यकारिणीतल्या भरतनं टेबलावर हात आपटला. शाईची दौत थरथरली.

प्रतिभा जागची हलली नाही. आळ्याच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून तिला सहावं वर्ष चालू होतं. पुस्तकं उशिरा आणली म्हणून भांडणं झाली होती, पण पुस्तक आणलंच का म्हणून कार्यकारिणीची बैठक बसलेली तिनं २००४ सालीच पाहिली.

कादंबरीचं नाव 'आठवं बाळंतपण'. एका शेतकरी घराण्याच्या चार पिढ्या, आणि त्यात आठव्या खेपेला जन्मलेली चिमा. धड मुलगा नाही, धड मुलगी नाही, अशा देहाची. सुईणीनं मुलगी म्हटलं, म्हणून मुलगी म्हणून वाढली. बाराव्या वर्षी आवाज फुटला, ओठावर लव आली, आणि घरानं तिला गोठ्यात कोंडलं. शेवटच्या पानावर विहिरीच्या काठी तिच्या वहाणा तेवढ्या सापडतात. लेखिका पुण्याची, वृषाली नावाची. तिनं अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, 'आईच्या धाकट्या बहिणीला, जिच्या फक्त वहाणा परत आल्या.'

प्रतिभानं ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा ती रडली होती. ती मनाशी म्हणाली, हे पुस्तक गेलं तर मीही जाते. घरून निघतानाच तिनं कपाटांच्या किल्ल्या जुडग्यातनं सोडवून वेगळ्या घेतल्या होत्या.

"तुम्ही वाचलंय का, भरतभाऊ?" तिनं विचारलं.

"वाचायचं काय त्यात? लोकं काय म्हनत्यात ते बघा की वहीत!"

वही म्हणजे अभिप्रायाची वही. तिच्यात या कादंबरीवर नऊ अभिप्राय होते. 'घरात न्यायच्या लायकीचं नाही.' 'आपल्या भागाची बदनामी.' 'असलं काही नसतंच.' असे आठ, आणि आठांखाली नाव एकाचंही नाही. नववा अक्षदाचा, कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा. 'असं माणूस माझ्या घरात जन्मलं असतं तर मी त्याला कोंडू दिलं नसतं.' खाली ठसठशीत पूर्ण नाव.

"नियम काय आहे?" प्रतिभा म्हणाली. "पुस्तक पुरतं वाचायचं, मग पूर्ण नावानिशी लिहायचं. निनावी तक्रार जमेस धरायची नाही. हा नियम माझा नाही, अध्यक्षांचा आहे."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

गेणभाऊ खुर्चीत ताठ बसले होते. अडुसष्ट वय, पांढऱ्या झुबकेदार मिशा, आवाज असा की चावडीवर बोलले तर फाट्यापर्यंत जावा. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, मामाचा मळा पिकवला आणि हे ग्रंथालय उभं केलं. फाटकी पुस्तकं अजून स्वतः सुई-दोऱ्यानं शिवायचे, गोधडीच्या टाक्यानं. राग आला की डाव्या नाकपुडीवरचा व्रण चोळायची त्यांची सवय. लहानपणी देवी आल्या, पण एकच खूण ठेवून गेल्या, असं ते सांगत. आता ते तो व्रणच चोळत होते.

प्रतिभाला आठवलं, तीन आठवडे पुस्तक त्यांच्याच घरी होतं. परत आलं तेव्हा शेवटचं पान पार चुरगाळलेलं होतं.

"वाचलंय मी," गेणभाऊ म्हणाले. "अक्षर न् अक्षर वाचलंय. त्या बाईनं शेवट खोटा लिवलाय. धडधडीत खोटा!"

"बघा!" भरतला हुरूप आला. "मी काय म्हनत व्हतो?"

"ते पान असं ऱ्हाता कामा न्हाई."

प्रतिभाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाच्या जिवावर ती सहा वर्षं गावाशी भांडत आली, तोच आता पान फाडायला निघाला होता. तिनं किल्ल्या टेबलावर आदळल्या.

"पान फाडायचं तर या आधी घ्या, भाऊ. एका जिवाला घरानं गिळलं, गावानं गिळलं. त्याची एवढी एक आठवण कुणीतरी जपून ठेवली, तर तीही नको तुम्हाला? लाज वाटू द्या जरा!"

गेणभाऊंना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

ते रागावले नाहीत. किल्ल्या त्यांनी बोटानं तिच्याकडे परत सरकवल्या.

"फाडायचं कोन म्हनलं, पोरी? दुरुस्त करायचं म्हनलं. नियम माझा हाय ना? मग वही आन."

तिनं वही दिली. भरत गालात हसला. गेणभाऊंनी चष्मा चढवला आणि लिहू लागले. मध्येच थांबून त्यांनी नाकपुडी चोळली, मग पुन्हा लिहिलं. लिहून झाल्यावर वही तिच्यापुढं फिरवली.

"मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. आनि ह्याची नक्कल उद्याच्या टपालानं त्या बाईला धाड."

प्रतिभा रागातच वाचू लागली.

"'चिरंजीव वृषालीस. पुस्तक लई खरं आहे, शेवट तेवढा खोटा. विहिरीत कुणी उडी मारली नाही. काठावर वहाणा सोडल्या, चमकी काढून पाण्यात टाकली आणि अनवाणी आळ्याला मामाचं घर गाठलं. नाकाचं भोक बुजलं, माणूस बुजलं नाही. आईला सांग, रडू नको. पुढच्या आवृत्तीत शेवट बदल...'"

खाली, नियमाप्रमाणे, पूर्ण नाव होतं.

"'तुझी चिमामावशी. म्हणजेच गेणू सावळाराम कुटे, अध्यक्ष, ग्रंथालय, आळे.'"