नूडल्सना वारा

"अगं, काय केलंस हे! नूडल्सना आंघोळ घातलीस?"

देंगबाईंचा आवाज एवढा चढला, की नळाखाली चाळण धरलेली सून जागीच थबकली. रुइफांग उत्तरेकडची, जिनानची. तिच्या माहेरी शिजलेल्या नूडल्स गार पाण्यातूनच काढतात.

"आमच्याकडे असंच करतात, आई."

"मग तिकडे जाऊन खा. हे चेंगदू आहे. पाणी प्यायलेल्या नूडल्सना मसाला धरणार कसा? टाक ते, दुसरं पातेलं चढव."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून दुकान बंद होतं. गल्लीत त्यांनी नुसतं ताप येतोय म्हणून सांगितलं होतं. आज सुनेच्या हातचं गिऱ्हाइकांना चाललं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी गाळा शेजारच्या शिंप्याला देऊन मोकळं व्हायचं, असं दोघींचं ठरलं होतं. नवरा गेल्यावर या दुकानानेच त्यांना उभं ठेवलं होतं.

दुसऱ्या खेपेला रुइफांगने नूडल्स जरा कच्च्या असतानाच उपसल्या, फळीवर पसरल्या, वर तेल सोडलं आणि लांब काड्यांनी उचलून उचलून मोकळ्या करायला घेतल्या. देंगबाई डाव्या हाताने पंखा घेऊन वारा घालू लागल्या. त्या हाताला सवय कुठली? अर्धा वारा सुनेच्या तोंडावर जात होता.

"बरं वाटतंय हो, आई."

"तुझ्यासाठी नाही घालत," देंगबाई म्हणाल्या, पण पंखा वळवला नाही.

तिळाचं वाटण मात्र रुइफांग माहेरूनच शिकून आली होती. थेंब थेंब पाणी घालत तिने ते असं सैल केलं, की देंगबाईंना नाव ठेवायला जागा उरली नाही. मग सोया सॉस, साखर, लसणाचं पाणी, व्हिनेगर, मिरचीचं तेल, तिरफळाची पूड. प्रत्येक वेळी सासूबाई म्हणायच्या, "अजून. अजून. बास!" काकडी-गाजराच्या काड्या आणि मुगाचे लांब मोड वाडग्यात गेले, वर शेंगदाण्याचं कूट पडलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते लियाओ. चहाच्या बागेत लोकांचे कान कोरून देणारे हे म्हातारे खाण्याच्या बाबतीत महाचोखंदळ. देंगबाई लुळा हात एप्रनच्या खिशात घालून गल्ल्यापाशी बसल्या. सून बांबूच्या पडद्याआड उभी राहिली.

लियाओंनी तळापासून सगळं कालवलं, मोठा घास घेतला आणि सावकाश चावला.

"देंगबाई, व्हिनेगर कमी पडलंय."

पडद्यामागे काहीतरी खणकन खाली पडलं.

"आजारातून उठलात, तरी हात आखडता तो आखडताच," असं म्हणत त्यांनी वाडग्यात पुन्हा डोकं घातलं.

देंगबाई आत गेल्या. रुइफांग पदार्थांच्या पसाऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती.

"गेला ना गाळा? माझ्यामुळे गेला."

देंगबाईंचेही डोळे भरून आले होते, आणि ओठांवरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"वेडाबाई! दुकान काढलं त्या दिवसापासून हा माणूस रोज हेच म्हणतोय. माझ्या हातचं खाऊन!"

रुइफांगने बाहीने तोंड पुसलं. मग नाक ओढत म्हणाली, "मग उद्या त्यांना थोडं जास्त घालू?"

"खबरदार, एक थेंब जरी वाढवलास तर!"