कॅप्सूलचं पाप

पद्मावतीने नवऱ्याच्या गालावरची पट्टी सोडवली. रुपयाएवढा चट्टा आता पापणीला भिडला होता. मानेवर नवी गाठ उठली होती. कातडीचा टीबी, सहा महिने औषध, मग माणूस खडखडीत बरा, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दोन महिने झाले. रोग उलट पसरतच चालला होता.

कारण तिला ठाऊक होते. औषधाच्या दुकानात कामाला असलेला पुतण्या पारस पहिल्याच आठवड्यात बोलून गेला होता, "काकू, कॅप्सूलचं वरचं कवच जनावराच्या हाडाकातड्याचं असतंय." आणि तिचा नवरा आदगोंडा तर पक्का जैन. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारा, जन्मात कांदा न चाखलेला. कळले असते तर मेला असता, पण कॅप्सूलला शिवला नसता. म्हणून तिने तोंडाला कुलूप घातले. रोज सकाळी आपल्या हाताने कॅप्सूल द्यायची आणि मग मंदिरात जाऊन रडायचे.

आता केलेल्या कर्माचे फळ त्याच्या तोंडावर उमटले होते. दुसरे काय? चार दिवसांपूर्वी तिने कॅप्सूलची सगळी पाकिटे उकिरड्यात पुरली आणि डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलंय, अशी थाप मारली. तरी गाठ फुगतच राहिली. आज तिचा धीर सुटला. ती त्याला घेऊन विश्रामबागेतल्या दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली. "घाबरू नका. औषध लागू पडलंय, जंतू मरतायत. काहींचं अंग त्या मेलेल्या जंतूंवरच असं उसळतं. सूज उतरायला वेगळी गोळी देते. पण कॅप्सूल एक दिवसही चुकवायची नाही. चालू आहे ना?"

 पद्मावतीने नवऱ्यापुढे हात जोडले.

"आवं, मीच बंद केली. जनावराच्या कातड्याची हाय ती. तुमाला न सांगता मी रोज पाप खायला घातलं."

आदगोंडाने तिचे जोडलेले हात खाली घेतले.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "पारसनं तुज्या आदी मला सांगितलं हुतं. तू रोज मंदिरात का रडतीस, तेबी ठावं हुतं."

"मग गिळत का हुतासा?"

"तू माज्यासाठी एवढं पाप पदरात घेतलंस. मी कॅप्सूलला न्हाई म्हणून मेलो असतो, तर ते फुकट गेलं असतं."