सहावं भोक

"व्हिडिओ काढून टाक, नाहीतर क्लब सोड!" क्लबचे जुने मेंबर इंगवले सर अख्ख्या शूटिंग रेंजसमोर माझ्यावर ओरडले.

त्यांनी कौतुकानं मला त्यांची नवीकोरी इंपोर्टेड रायफल चालवायला दिली होती. आणि मी नेटवर टाकलेल्या व्हिडिओत खरं ते बोललो. ट्रिगर भिकार आहे, बोट नीट दाबायच्या आधीच सुटतो.

"मोबाइल बघून शिकलेला तू! चल, क्लबच्या त्या जुन्या खटाऱ्यानं हरव मला. हरलास तर इथं तोंड दाखवायचं नाही."

कोच निकम मॅडमनी दोघांना मोजून पाच-पाच गोळ्या दिल्या. आम्ही शेजारी शेजारी पालथे पडलो. माझा बार झाला की सर स्वतःचं सोडून रायफलच्या दुर्बिणीतून माझंच टार्गेट बघायचे. "गेली वाया, बाळा," म्हणायचे. मी दात आवळून मारत राहिलो.

मॅडमनी दोन्ही कागद आणले. माझ्या कागदावर सहा भोकं होती.

"चोर साला! जास्तीची गोळी मारली ह्यानं. हाकला ह्याला!"

"सर, तुमच्या कागदावर चारच आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुमची एक ह्याच्या टार्गेटवर गेलीय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी रायफल पेटीत आदळली.

"अरे, ह्याच्या टार्गेटवरून माझ्या टार्गेटवर येत होतो, तेवढ्यात गोळी सुटली! बोट टेकतंय न टेकतंय तोच सुटतोय भिकारडा ट्रिगर!"

"मग व्हिडिओ राहू दे ना, सर?" मी विचारलं.