शेवटची पेशी

“हा टकटक आवाज कसला?” कवायतीचे मास्तर दारातच थबकले.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना स्टूल दिलं, तेही टेबलापासून दोन हात लांब. “बसा. टेबलाला हात तेवढा लावू नका हं. नुसता धक्का लागला तरी आमची सुई निसटते.”

टेबलावर तारेच्या जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यात सूक्ष्मदर्शक, त्याखाली काचेची छोटी बशी. बशीत मास्तरांची मुलगी होती. म्हणजे तिच्यातलं इथवर जे आलं होतं, ते. अपघातानंतर मास्तरांनी समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली होती. मूत्रपिंडं दोघांना गेली, यकृत तिसऱ्याला, आणि पाठीच्या कण्यालगतच्या, दुखणं मेंदूकडे कळवणाऱ्या पेशी या खोलीत आल्या. घरच्यांना एकदा येऊन बघता येईल, असं पत्रात लिहिलेलं असतं. येत कुणी नाही. बाईंच्या अकरा वर्षांत हे पहिलेच.

“हा तिच्याच पेशीचा आवाज,” बाई म्हणाल्या. “पेशीने मेंदूला निरोप धाडला की इथे स्क्रीनवर एक टोक उठतं आणि स्पीकरमध्ये टक् होतं. गॅसवर दूध ठेवून माणूस दुसरं काम करतो ना, तसा आमचा एक कान सारखा इकडे.”

“कसला निरोप?”

“दुखतंय, एवढाच. तिला दुसरं काही बोलता येत नाही.”

मास्तर पुढे झुकले. “मग आत्ता तुम्ही तिला टोचताय का काही?”

“नाही.”

“गरम काही लावलंय?”

“काहीच नाही हो. सुईने आम्ही नुसतं ऐकतोय. चांगली पेशी कुणी छेडल्याशिवाय हूं की चूं करत नाही. ही आपली आपणच बोलते. आली तेव्हापासून. आज तिसरा दिवस.”

टक्. टक् टक्. टक्.

मास्तरांनी काखेतली जाडजूड फाइल मांडीवर घेतली. “नऊ वर्षांचे रिपोर्ट आहेत. बघा तुम्हीच. सगळे नॉर्मल. पाय मुरगळला होता फक्त, आठवड्यात सूज उतरली, तरी दुखतंय म्हणायची. डॉक्टर म्हणाले काही नाही, मग मीही म्हटलं काही नाही.” “भिंगरी म्हणायचो तिला. सकाळी पांघरूण ओढायचो. ऊठ भिंगरे, मैदानाला चार फेऱ्या मार, दुखणं कुठल्या कुठे पळेल. हजारभर पोरं पळवलीत मी, मला नको शिकवूस नाटकं. शेवटची दोन वर्षं ती पायाचं नावच काढायची नाही. तर मी तिच्या आईला म्हणतो कसा, बघ, लाड बंद केले की गाडी रुळावर येते.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “औषध द्यायची वेळ झाली,” एवढंच म्हणाल्या आणि पहिली तोटी उघडली.

औषध बारीक नळीतून बशीत उतरू लागलं. टकटक विरळ झाली. एक टक्. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग काही नाही.

“थांबलं?”

“थांबलं.”

“एवढ्यात?” मास्तर उठले, पुन्हा बसले. रुमाल काढून नुसता हातात धरून राहिले. “नऊ वर्षं हो. आणि एवढ्यात?”

बाईंचा हात दुसऱ्या तोटीकडे गेला.

“आता काय?”

“आता धुवायचं. औषध वाहून जाऊ द्यायचं.”

“आणि मग?”

“मग ती परत बोलायला लागते. लागली तर.”

“अहो, पण कशाला?”

“औषधाने गप्प झाली की मेली, हे कळायला नको? धुतल्याशिवाय नोंद धरता येत नाही, मास्तर. बाकीच्या पेशी गेल्या, ही शेवटची. हिला धुतलं नाही तर तिचं इथवर येणंच फुकट जाईल. आणि असे पाय घेऊन बसलेली माणसं खूप आहेत अजून.”

मास्तरांना ते पटलं असावं. मान हलली त्यांची. पण हात मात्र आपोआप जोडले गेले. “माझी चूक झाली, कबूल. त्याची शिक्षा तिला नका देऊ. आज ना उद्या मरणारच असेल ना ती? मग अशीच राहू द्या. पाया पडतो तुमच्या.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बशीकडे पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “नाही धुवत.”

त्यांनी आपलं स्टूल सरकवलं आणि मास्तर आणि स्क्रीन यांच्या मधोमध, मास्तरांकडे पाठ करून बसल्या. डाव्या हाताने स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवून आवाज बंद केला. उजव्या हाताने दुसरी तोटी उघडली.

मास्तर पाठ ताठ ठेवून बसले होते. मग हळूहळू त्यांचे खांदे उतरले. पाळण्याजवळ बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “किती वेळ राहील अशी?”

“तुम्ही आहात तोवर.”

“मग बसतो थोडा.”

“बसा ना.”

सहा मिनिटं गेली. सात. बाईंच्या समोर सपाट रेषेतून एक टोक उठलं. मग आणखी एक. मग एकापाठोपाठ एक, जराही आवाज न करता.