दुपारचा मास्क

मणका मोडल्यापासून तुळशीदासांचे हातपाय हलत नव्हते. जीभ मात्र तिघांचं काम एकटी करायची. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी रात्रीसाठी मशीन दिलं. त्याचा मास्क लावला की नवऱ्याला बोलता येत नाही, हे पहिल्याच रात्री शेवंतीच्या लक्षात आलं.

परळला तपासणीत डॉक्टरांनी नाकावरचा वळ पाहिला. “दिवसापण लावता की काय?”

शेवंती डोळ्यांवरचाच चष्मा पिशवीत शोधू लागली.

“मीच सांगतो लावायला,” तुळशीदास म्हणाले. “रात्रभर मला कुशीवर वळवायला उठते ती. दुपारी माझी बडबड ऐकत कधी झोपणार?”

शेवंतीची मान वर होईना. रोज दुपारी तिने मास्क पुढे केला की ते एवढंच म्हणायचे, “आत्ता नको गं, शेवंते.”