आय ओ यू वन

गॅरेजबाहेर सहलीची मुलं रांगेत उभी होती आणि बस सुटायला दहाच मिनिटं होती. मेकॅनिकनं शेवटची तपासणी म्हणून चाक उघडलं, तर ब्रेकचे लायनर पार झिजलेले. ते बदलायचं काम काल त्याच्या उस्तादांकडे होतं.

"तपासणीच्या फॉर्मवर सही करून टाक," उस्ताद दबक्या आवाजात म्हणाले. "आणखी एक तक्रार झाली की माझी नोकरी गेलीच म्हणून समज. पाच वर्षांपूर्वी तेलाविना तो गियरबॉक्स फुटला, तेव्हा तुझी चूक मी अंगावर घेतली. 'आय ओ यू वन, उपकार फेडीन' म्हणत गळ्यात पडला होतास. आठवतं ना?"

तो विसरला कधी होता? त्यानं फॉर्म तसाच कोरा उचलला आणि तडक मॅनेजरची केबिन गाठली.

"साहेब, ही बस सोडू नका. लायनर बदलायला उस्तादांनी मला सांगितलं होतं. मीच विसरलो."

मॅनेजरनं त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि महिनाभरासाठी घरी बसवलं. मुलं दुसऱ्या बसनं गेली.

तो डबा उचलून फाटकाशी पोचला, तेव्हा उस्ताद धापा टाकत मागून आले. आता हे थँक यू म्हणणार, या विचारानं तोच अवघडला.

"त्या गियरबॉक्समध्ये तेल भरायचं..." उस्तादांना त्याच्याकडे बघवेना. "तू भरलं होतंस रे. तपासताना काढून परत भरायला मीच विसरलो होतो."