वाचून दाखवणारा

"दोनच्या आत द्यायचाय," जैनुद्दीन म्हणाला. खुर्ची रिकामी असूनही तो उभाच राहिला. "साहेब बोल्ला, नोटीस कोनी वाचून दाखवली, त्याचा नाव नि कार्डनंबर अर्जात घाला. मग बोटीचा कार्ड परत मिलंल."

वकारनं कम्प्युटरवरची नजर काढली नाही. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या या वर्कशॉपमध्ये तो प्रदर्शनांसाठी फलक तयार करायचा. इंग्रजी त्याला येत होतं, म्हणून जैनुद्दीनमामूचा प्रत्येक कागद त्याच्याकडेच यायचा.

जैनुद्दीन मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता. गेल्या महिन्यात त्यानं नेहमीच्या जागी मासे धरायचे पिंजरे टाकले. तो पट्टा आता जहाजांच्या वाटेसाठी बंद केलेला होता. तटरक्षकांनी बोट धरली, बोट चालवायचं कार्ड काढून घेतलं. कार्डाशिवायच्या तांडेलाचं काय लोणचं घालायचंय, असं कफील, म्हणजे त्याला व्हिसा देणारा मालक, म्हणाला आणि त्यानं गुरुवारचं रत्नागिरीला परतायचं तिकीटही काढून ठेवलं. आज अर्ज मंजूर झाला तरच ते तिकीट रद्द होणार होतं.

नोटीस लागली नव्हती असं नाही. जेटीवर चिकटवलेली होती, अरबीत आणि इंग्रजीत. कुराण वाचून जैनुद्दीनला अरबी अक्षरं लावता येत. अर्थ लावता येत नसे. म्हणून त्यानं फोटो काढून भाच्याला, वकारला पाठवला. भाच्यानं तो मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. तसाच शिक्का, तसाच नकाशा. "गेल्या सालचीच हाय मामू, रातीला पिंजऱ्यांच्या बोयांवर लाइट लावायची, खलास," असा व्हॉइस मेसेज पाठवून तो जेवायला बसला. शिकल्यासवरल्या भाच्याचा शब्द. जैनुद्दीन निर्धास्त झाला.

आता त्याच कामाखाली वकारनं स्वतःचं नाव लिहायचं, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता, लेक इक्राची शाळा होती. सरकारी चौकशीत नाव आलं की कंपनी काखा वर करणार. वकारला बहारीनला आणलं होतं ते याच मामूनं, हे त्याला आठवत होतं. पण भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. त्यानं चार ओळींचा अर्ज टाइप केला आणि नाव गाळलं.

मामू भिंतीशी टेकवलेल्या फलकासमोर उभा होता. माणसाएवढा फलक, पिवळट कागदाचा मोठा केलेला फोटो.

"ह्या काय?"

"नोटीस. इंग्रजांच्या वक्ताची. हॉटेलात मांडायची हाय."

"काय लिवलाय?"

वकारनं बसल्या जागेवरून सांगितलं. बंदरात शिरणाऱ्या आगबोटींच्या वाटेत कोळ्यांनी खुंट ठोकू नयेत, पिंजरे टाकू नयेत. टाकले तर जप्त होतील, होडीही जाईल.

"म्हंजे तेवा पन आमीच वाटेत," मामू म्हणाला. "नि खालच्या वळी?"

"वरची नोटीस मी किनाऱ्यावर मोठ्यानं वाचली, खलाशांना त्यांच्या बोलीत समजावली. चुकीची सांगितली असंल तर..." वकार अडखळला. "तर जबाबदार मी. खाली मुन्शीची सही."

मामू हसला. "गोऱ्यानं लुटला, पन ओरडून लुटला. तू चल, वाच आपला कागद."

प्रिंटरमधून कागद निघाला. वकार बोट फिरवत एकेक ओळ मराठीतून सांगू लागला, मामू बोटामागे मान हलवत राहिला. मला लिहितावाचता येत नाही. नोटीस मला समजली नाही, चूक झाली. मेहेरबानी करून माझं कार्ड परत द्यावं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एकतीस वर्षांत माझ्यावर एकही गुन्हा नाही. साहेबाचं मन वळलंच तर या एका ओळीनं वळणार होतं. तिथं वकारला मामूच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती ओळ सांगायच्या ऐवजी त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"नोटीस माझा भाचा वकार यानं वाचली आणि चुकीची सांगितली. त्याचा कार्डनंबर सोबत."

मामूनं जाड बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"खोड ह्या."

"मामू..."

"मी गेलो तर एक म्हातारा घरी गेला. तू गेलास तर पोरीची शाला जाईल. साहेबाला मी बोलंन, कोनी वाचली नाय."

"दुसरा प्रिंट काढतो, थांबा."

"दीड वाजलाय! माज्यासमोर खोड." त्यानं टेबलावरचं पेन उचलून वकारच्या हातात खुपसलं.

सांगून टाकावं असं वकारला वाटलं, खरंच वाटलं. त्यानं तोंड उघडलंही. मामू त्याच्याकडे मायेनं बघत होता. वकारनं एकतीस वर्षांच्या त्या ओळीवर रेघ ओढली.

"आजून एकदा. तुझा नाव दिसता कामा नये."

वकारनं पुन्हा गिरवलं, कागद फाटायला येईपर्यंत. जैनुद्दीननं चष्मा लावून नीट पाहिलं, काळ्या पट्ट्याखाली सही केली आणि भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता झाला बरोबर," तो म्हणाला.